बसा म्हणणारं कोणी नाही

हर्सूल, औरंगाबाद
ता. १२ डिसेंबर १९८६

चि. सौ. राजाबाई वन्संना द्वारकाबाईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. तुमचं पत्र मिळालं. कापूस वेचणीला बाया मिळत नाहीत म्हणून तुम्हाला सिल्लोड सोडता येत नाही, हे वाचून हिरमोड झाला. मी तर मेटाडोरमध्ये तुमची जागा खिडकीशी धरून ठेवली होती. आता तिथं आमच्या जाऊबाई, भागूबाई, बसतील आणि नगर यायच्या आत त्यांना मळमळायला लागेल.

तुमचा धाकटा भाचा बद्रीनाथ याने कंपनीतून रजा काढून दापोलीकडे समुद्रकाठचं रिसॉर्ट ठरवलं आहे. पंधरा-सोळा दिवसांचा मुक्काम. लहानथोर धरून सोळा माणसं आहोत. निमित्त माझ्या अंगठ्याचं. उजव्या अंगठ्याचा सांधा भाकरी थापून झिजला, महिनाभर पिठात हात घालायचा नाही, घातला तर प्लास्टर करून टाकीन, असं डॉक्टरने बजावलं आहे. पेन धरायला काही होत नाही, म्हणून तुमची सुटका नाही.

घरी राहून हात थांबणार नाही हे बद्रीनाथला ठाऊक आहे. आशाबाई, माझी थोरली सून, भाकरी चांगल्या करते. पण तुमच्या भावाला आधी तुमच्या आईच्या हातची लागायची, आता माझ्या हातची लागते. आशाबाईची भाकर पुढं आली की हे काही बोलत नाहीत, नुसते तिच्याकडे बघत बसतात. म्हणून बद्रीनाथ म्हणाला, आई, जिथं चूलच आपली नाही तिथंच तुला नेतो. तिथं मोठ्या हॉलमध्ये जेवण तयार असतं. आपण फक्त जेवायचं. वन्सं, खरं सांगते, समुद्राचं मला तितकं नाही. सगळ्यांच्या आधी, गरम, बसून जेवायचं, आणि मध्येच कोणी मीठ मागितलं म्हणून उठायचं नाही, एवढ्यासाठी मी निघाले आहे.

काल वळकट्या बांधताना आपल्या मोठ्या सतरंजीत काहीतरी कडक लागलं. उलगडून पाहिलं तर भाकरी थापायची काठवट. खाली तवा, आणि कोपऱ्यात ज्वारीच्या पिठाची गोणी. स्टो रामकिसन भावजींच्या सामानात निघाला. मी सगळं होतं तसं परत गुंडाळून ठेवलं. पण तुम्हाला साक्षी ठेवून लिहिते, घरी परत येईपर्यंत त्या काठवटीला माझा हात लागणार नाही.

कळावे. तुमच्या नावाची एक सुपारी खिडकीशी ठेवून निघते.
तुमची वहिनी,
द्वारका

---

नारळीबाग रिसॉर्ट, ता. दापोली
ता. १५ डिसेंबर १९८६

चि. सौ. राजास आप्पाचा आशीर्वाद. आम्ही सर्व सुखरूप पोचलो. रस्त्यात भागूबाईस नगरच्या अलीकडेच त्रास झाला. येथील हवा उत्तम आहे. समुद्र पुष्कळ आहे. खोल्या स्वच्छ असून पाण्याचा इंतजाम चोख आहे. तक्रार करायचा माझा स्वभाव नाही, तरी एक गोष्ट तुझ्या कानावर घालणे भाग आहे.

येथे जेवायला कोणी बोलावत नाही. मॅनेजर सावंत म्हणून आहे. पोरगा सभ्य आहे, पण दारात उभा राहून "जेवण लागलंय" एवढे सांगतो आणि निघून जातो. मी उपरणे घेऊन हॉलमध्ये गेलो. लांब टेबलावर भांडी मांडलेली. लोक आपापले ताट हातात धरून रांगेत उभे, आणि आपल्याच हाताने वाढून घेत होते. यजमान म्हणून कोणी नाही. वाढपी नाही. बसा म्हणणारे कोणी नाही. मी दाराशी बराच वेळ उभा राहिलो. शेवटी एका पोऱ्याने मला खुर्चीची वाट दाखवली, ती मला चक्कर आली असेल असे समजून.

आपल्या आजोबांच्या वेळेपासूनचा दस्तूर तुला माहीत आहे. बोलावल्याशिवाय ताटावर बसायचे नाही आणि आग्रह झाल्याशिवाय दुसऱ्यांदा घ्यायचे नाही. मी सावंतला बोलावून सरळ विचारले की तुमच्यात आग्रहाची पद्धत नाही का. तो हसून म्हणाला की काका, हवं ते घ्या. आता हवे ते घ्या याचा अर्थ नको असले तर राहू द्या असाच होतो. आपल्या हर्सूलच्या जेलात कैद्यांनासुद्धा घंटा वाजवून बोलावतात.

बद्रीनाथ मला आग्रह करायला आला होता. मी त्याला समजावले की तू इथे माझ्यासारखाच पाहुणा आहेस, पाहुण्याने पाहुण्याला केलेला आग्रह धरत नाहीत. तो डोके धरून बसला. या पोरांना मुरवत म्हणजे काय ते शिकवले नाही, ही आपलीच चूक.

मी सध्या बांधून आणलेल्या धपाट्यांवर आहे. ते उद्या संपतील. पीठ आहे, स्टो आहे, तवा आहे. फक्त तुझी वहिनी मनावर घेत नाही. दिवसभर खुर्ची टाकून पाण्याकडे बघत बसते. दोन भाकरींनी अंगठ्याला काय होणार आहे. तू तिची लाडकी, तेव्हा तू लिहिलेस तर ऐकेल. मी लिहायला सांगितले असे मात्र कळू देऊ नकोस.

त्रिंबकरावांस नमस्कार. कापसाचा भाव कळवणे. माया आहेच, पत्राने ती ताजी ठेवावी.
तुझा,
आप्पा

---

नारळीबाग रिसॉर्ट, ता. दापोली
ता. १९ डिसेंबर १९८६

चि. सौ. राजाबाई वन्संना अनेक आशीर्वाद. वि. वि. तुमच्या बंधूंनी चार दिवसांमागं तुम्हाला पत्र टाकलं आहे. पत्ता लिहिताना पाकिटावर हात धरून बसले होते, तेव्हाच मी ओळखलं की माझी तक्रार आहे. त्यात काय असेल तेही ठाऊक आहे, म्हणून ते परत लिहीत नाही.

आधी समुद्राचं सांगते. आपल्या हर्सूलच्या तलावाएवढं पाणी एका जागी पाहिलेली मी बाई. पहिल्या दिवशी पोरांनी हाताला धरून नेलं, पायाखालची वाळू सरकली, आणि मी आशाबाईला मिठी मारली. आशाबाईने भागूबाईंना धरलं, आणि तिघीही खाली बसलो. लाट येऊन गेली तरी आम्ही हसत तिथंच. वन्सं, नऊवारी ओलं झालं की गोणीएवढं जड होतं, हे पुढच्या वेळी ध्यानात ठेवा.

आणि जेवण. मी पहिल्या दुपारी ताट घेऊन रांगेत उभी राहिले तेव्हा मलाही चोरी केल्यासारखं वाटलं. पण वाढून घेतलं. सोलकढी प्याले. आंबोळी खाल्ली. मासे वेगळ्या टेबलावर असतात, त्यामुळं माळ घातलेल्यांनाही अडचण नाही. बसून जेवले, उठले नाही. फक्त ताट धुवायला नेलं तेव्हा आतला माणूस घाबरून माझ्या हातातून ओढून घ्यायला लागला. आम्ही दोघांनी थोडा वेळ ओढाताण केली.

इकडं यांचे धपाटे संपले. मग यांनी उपास काढला. पहिल्या दिवशी एकादशी होती असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी प्रदोष. आज कसला म्हणून नातीने विचारलं तर म्हणाले, हा कोकणातला आहे, आपल्याकडं नसतो. केळी, नारळ, शेंगदाण्याचे लाडू आणि दूध यांवर चाललंय. जेवणाच्या वेळेला मुद्दाम हॉलच्या समोरच्या बाकावर बसतात, पाठ करून. मॅनेजरने ताट खोलीत पाठवू का म्हणून विचारलं, तर आजारी माणसाला खाटेवर देतात तसं मला नको, म्हणाले.

सगळं घर आता दोन्हीकडं बघतंय. रामकिसन भावजी म्हणतात, वहिनी, दोन टाका थापून, भावाचा चेहरा बघवत नाही. भागूबाई म्हणतात, खबरदार. त्या दोघांचंही आता आपसात बोलणं नाही. बद्रीनाथ बिचारा समुद्रात जाऊन उभा राहतो.

एक गोष्ट फक्त तुम्हालाच सांगते. काल संध्याकाळी हे बाकावरून उठताना खांबाला धरून उठले. मी खोलीत गेले, सतरंजी सोडली, काठवट काढली, आणि मूठभर पीठही घेतलं. तेवढ्यात आशाबाई आली. ती मला कधी उलट बोललेली नाही. तिने काठवट उचलली, स्वतःच्या खाटेखाली सारली आणि त्यावर बसली. म्हणाली, "आत्याबाई, आज तुमी हात घातला तर उद्यापासून कोन्त्या बी गावाला गेलं तरी तुमीच थापाल." मग आम्ही दोघी रडलो. वन्सं, माझा अंगठा बरा व्हावा असं मला वाटतं आणि माणूस उपाशी राहू नये असंही वाटतं. या दोहोंत मी काय करू ते कळवा. आज निश्चय धरला आहे, उद्याचं सांगवत नाही.

लाटेच्या आवाजात मला तुमची आठवण येते, तुम्हीही अशाच न थांबता बोलता. माया पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
द्वारका

---

सिल्लोड
ता. २३ डिसेंबर १९८६

ती. आप्पांस राजाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. तुमचं पत्र पोचलं. वाचून फार वाईट वाटलं. वहिनींना मी आजच वेगळं पत्र टाकलं आहे आणि त्यांना चांगलं खडसावलं आहे, म्हणून तुम्ही काळजी करू नका.

मात्र एक कळलं नाही. तुम्ही लिहिता की हॉलमध्ये इतके लोक जेवायला येतात आणि त्यांना बसा म्हणणारं कोणी नाही. आणि आप्पासाहेब तिथं हजर असताना? माझ्या वंदीच्या लग्नात तुम्ही पंगतीत फिरलात तेव्हा व्याह्यांकडच्या वकिलाने अकरावी जिलबी खाऊन कंबरेचा पट्टा सोडला होता. तो माणूस अजून बाजारात भेटला की आधी तुमची खुशाली विचारतो आणि मग पोटावरून हात फिरवतो. त्या गावात यजमान नाही म्हणून तुम्ही बाकावर पाठ करून बसता म्हणे, आणि परगावचे लोक बिचारे भिडेपोटी अर्धपोटी उठतात. आपल्या घराण्याचा माणूस जवळ असून लोक आग्रहाविना जेवले, हे सिल्लोडला कळलं तर मी काय सांगू?

मला तुम्हाला शिकवायचा अधिकार नाही, धाकटी आहे. उपरणं बरोबर नेलंय असं लिहिलंत, म्हणून सुचलं. कापसाचा भाव बरा आहे. हे नमस्कार सांगतात.
तुमच्या मायेची हक्कदार,
राजा

---

सिल्लोड
ता. २३ डिसेंबर १९८६

ती. सौ. वहिनींस राजाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि. आप्पांना मी लिहिलं आहे की तुम्हाला चांगलं खडसावते. तर हे खडसावणं वाचा.

काठवटीला हात लावाल तर माझ्याशी गाठ आहे. आप्पांना काही होत नाही. लहानपणी आईने दुसऱ्याच्या ताटात आधी वाढलं म्हणून दोन दिवस गोठ्यात रुसून बसले होते, आणि तिथं वासराच्या वाटणीचं दूध पिऊन आणखी जाड होऊन बाहेर आले. केळी खाणारा माणूस खांबाला धरून उठतो तो तुम्ही बघत असता म्हणून. तुम्ही तिकडं पाठ करा, ते आपले सरळ उठतील.

आशाबाईला माझ्याकडून एक लुगडं. तिला आत्ताच सांगा, म्हणजे ती काठवटीवरून हलणार नाही.

मी त्यांच्या डोक्यात एक गोष्ट सोडली आहे. काय ते सांगत नाही, कारण तुमच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. तुम्ही फक्त रोज वेळेवर जेवायला बसा. आणि वहिनी, ताटात कोणी काही वाढलं तर उठून स्वयंपाकघराकडे बघायला जाऊ नका. मी तुमच्या घरी माहेरपणाला येते तेव्हा बघते ना, सगळे उठल्यावर तुम्ही टोपल्यातली शेवटची भाकर घेता, आणि ती पुरली नाही तर पुरली म्हणता. मी चार वेळा विचारलं असेल, पण आग्रह म्हणून तुमच्यासमोर कधी बसले नाही. आता आले की बसेन.

इकडं वेचणी संपत आली. हाताला काटे लागलेत, पण मन तुमच्या लाटेत आहे.
तुमची लाडकी आणि त्यामुळं वाया गेलेली,
राजा

---

नारळीबाग रिसॉर्ट, ता. दापोली
ता. २८ डिसेंबर १९८६

चि. सौ. राजाबाई वन्संना अनेक आशीर्वाद. वि. वि. तुम्ही यांच्या डोक्यात काय सोडलंत ते काल समजलं. सगळं सविस्तर लिहिते, कारण परवा आम्ही निघतो आणि घरी गेल्यावर निवांतपणा कुठला.

काल दुपारी दोन्ही पत्रं आली. यांनी आपलं पत्र बाकावर बसून दोनदा वाचलं, मग घडी करून खिशात घातलं आणि दाढी करायला गेले. संध्याकाळी धुतलेलं धोतर, टोपी, खांद्यावर उपरणं. आम्हाला वाटलं देवळात निघाले. ते सरळ हॉलमध्ये गेले आणि दारात उभे राहिले. जो येईल त्याला हात जोडून, या, या, बसा. पुण्याचं एक म्हातारं जोडपं आहे, ते इतके दिवस एका कोपऱ्यात काही न बोलता जेवत होतं. त्यांना यांनी हाताला धरून मधल्या टेबलावर बसवलं आणि विचारलं, प्रवासात काही त्रास? ते इथं आमच्या आधीपासून आहेत.

मग वाढप्यासारखं भांडंच हातात घेतलं. एकेकाच्या ताटाशी वाकून, अजून थोडं घ्या, लाजू नका, आमच्या मराठवाड्याच्या नावाने एक. मुंबईची पोरं आधी घाबरली, मग त्यांना गंमत वाटायला लागली, मग ती खरंच खायला लागली. पुण्याच्या आजोबांनी दोनदा नको म्हणून ताटावर हात धरला, आणि हे निघून जातायत असं दिसल्यावर घाईने काढला. भात संपला. भाजी संपली. आतून आचारी रागाने बाहेर आला, उद्याचंसुद्धा गेलं म्हणून. यांनी त्याला सगळ्यांसमोर उभं केलं, अन्नदात्याला नमस्कार करा म्हणाले, आणि त्या माणसाने आत जाऊन आपल्या माणसांसाठी परातभर केलेले उकडीचे मोदकही आणून दिले. सावंत मॅनेजर भिंतीला टेकून बघत होता. यांच्या पोटात सकाळपासून तीन केळी, आणि आवाज असा की समुद्र ऐकू येईना.

मी भिंतीकडच्या टेबलाशी बसले होते. तुमचं पत्र लक्षात ठेवून उठले नाही, पण ताटात एक घास ठेवून सगळ्यांना मिळालं का ते बघत बसले. खोड जात नाही. हे मोदकांची परात घेऊन रांगेने येत होते. प्रत्येकापाशी तेच शब्द. माझ्या टेबलाशी आले, ताटाकडं बघूनच म्हणाले, "घ्या, एक तरी घ्यावाच लागंल." मग वर पाहिलं.

वन्सं, त्यांचा हात तसाच थांबला. त्यांनी मला कधी वाढलेलं नाही. लग्नात घास भरवला होता, तोही घाईत, कारण मागे पंगत बसायची होती. मी पण गोंधळले आणि नको म्हणून ताटावर हात आडवा धरला. कोणीही धरतो तसाच. मला वाटलं पुढं जातील. गेले नाहीत. परात टेबलावर ठेवली, खाली वाकले, आणि सगळ्यांना म्हणत होते त्याहून हळू म्हणाले, "घे की. माझ्यासाठी एक."

मी हात काढला. त्यांनी मोदक ठेवला, त्यावर तूप सोडलं. खाल्ला. दुसऱ्याला मी पुन्हा हात धरला, त्यांनी पुन्हा म्हटलं. तिसऱ्यालाही. खरं सांगू का, दुसऱ्यानंतर माझं पोट भरलं होतं. पण कोणीतरी अजून घे म्हणत होतं ते मला संपू द्यायचं नव्हतं. डोळ्यांत पाणी आलं तेव्हा मी मोदक गरम आहे म्हणाले. तो गार होता.

मग माझ्या ध्यानात आलं की हा माणूस इतके दिवस ज्या एका शब्दासाठी उपाशी आहे तो अजून त्याला कोणी म्हटलाच नाही. आणि आता मी इथं बसलेली, वाढून झालेली, ते उभे. मी शेजारची खुर्ची ओढली आणि म्हणाले, आता बसा तुम्ही.

ते बसले. माझ्या शेजारी, त्याच टेबलाला. भात संपलेला, भाजी संपलेली, राहिले होते दोन मोदक आणि सोलकढी. मी एक त्यांच्या ताटात ठेवला, आणि त्यांनी नको म्हणून हात आडवा धरला.

रात्रभर माझं पोट दुखलं. ओवा खाल्ला. अंगठा बरा आहे. आशाबाईला लुगड्याचं सांगितलं, ती हिरवं म्हणते.

तुमच्यावर जीव आहे, तो आग्रहाशिवाय घ्यावा.
तुमची,
द्वारका

---

हर्सूल, औरंगाबाद
ता. ३ जानेवारी १९८७

चि. सौ. राजास आप्पाचा आशीर्वाद. आम्ही सर्व सुखरूप परत आलो. भागूबाईस येतानाही त्रास झाला. रिसॉर्टातले जेवण साधारणच होते. लोकांना वाईट वाटू नये म्हणून मी शेवटचे दोन-तीन दिवस जेवलो. निघताना सावंतने हात धरून सांगितले की काका, पुढच्या वर्षी नक्की या. दोनदा सांगितले. पोरगा शिकतो आहे.

आपले पीठ परत आणले, पण त्यास समुद्राची ओल लागली होती, ते म्हशीस घातले. काठवट आशाबाईच्या ताब्यात आहे. डॉक्टरांनी तुझ्या वहिनीचा अंगठा पाहून अजून महिनाभर थांबा म्हटले, तेव्हा सध्या भाकरी आशाबाईच करते. थोड्या जाड असतात. मी काही म्हणत नाही, तिच्याकडे बघतही नाही.

स्वयंपाकघरात एक दुसरा पाट करून घेतला आहे, माझ्या पाटाशेजारी मांडायला. जुन्या पाटाचा एक पाय डुगडुगतो, म्हणून दोन असलेले बरे. तुझ्या वहिनीला सुरुवातीला ते पटेना, सगळ्यांचे होऊ दे मग बसते असे तिचे चालले होते. मी म्हटले, ठीक आहे, मी थांबतो. परवा माझी भाकर गार झाली, काल पोरांचीही झाली. आज ती वेळेवर बसली.

हे तुला अशासाठी लिहितो की संक्रांतीला येशील तेव्हा तिसऱ्या पाटाची अडचण होईल. येताना तुझा घेऊन ये. बाकी सर्व क्षेम. तुझ्या मागच्या पत्रातला सल्ला मी मानला असे कोणास सांगू नकोस.
तुझी वाट पाहणारा,
आप्पा